एक जूनच्या पलीकडची नोंद

श्रीमती कुसुमताई देवरे यांची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या न्यायालयात झाली, आणि त्या भेटीतच मी त्यांची बोलणी खाल्ली. सरकारी वकील म्हणून माझे ते पहिलेच वर्ष. ताई पोलीस खात्याच्या पैरवी हवालदार. साक्षीदारांना वेळेवर हजर करणे आणि तपासाचे कागद, मुद्देमाल न्यायालयापुढे आणणे हे त्यांचे काम. मी तपास अधिकाऱ्याची साक्ष घ्यायला मोठ्या ऐटीत उभी राहणार, तोच त्यांनी कोटाची बाही धरून मला खाली बसवले. पंचनाम्यावरची वेळ आणि जप्तीच्या पाकिटावरची वेळ आधी ताडून बघा, म्हणाल्या. मला राग आला खरा, पण वेळा खरोखरच जुळत नव्हत्या. चूक झाकायची नाही, तपास अधिकाऱ्याकडून साक्षीतच तिचा खुलासा घ्यायचा, हे मी त्या दिवशी शिकले.

ताईंची थोरवी मला कळली ती नामपूरकडच्या एका मुलीच्या खटल्यात. तिचे नाव लिहीत नाही; कायदा नसता तरी लिहिले नसते. अत्याचार करणारा ओळखीतलाच होता. मुलगी अठराच्या आतली आहे हे सिद्ध झाले नाही, तर सगळा खटलाच डळमळणार होता. शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती, एक जून. मुख्याध्यापक स्वभावाने भोळे आणि सरळ. उलटतपासणीत त्यांनी सांगून टाकले, की नाव घालताना पालकांना तारीख आठवत नसली की आम्ही सगळ्यांची एक जूनच लिहितो. माझ्या तोंडचे पाणीच पळाले. बाहेर व्हरांड्यात येऊन मी रडायला लागले.

ताई मात्र हसत होत्या. "वकीलबाई, माझी पण एक जूनच आहे. अर्धं खातं एकाच दिवशी रिटायर होतं आमचं. रडू नंतर, आधी मला सांगा, पोरगी जन्मली कुठे?"

ते मी विचारलेच नव्हते! ताईंनी मुलीच्या आईला विचारले. बाळंतपण गावच्या आरोग्य उपकेंद्रात झाले होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी सटाण्याची एसटी पकडली. उपकेंद्राच्या जुन्या कपाटात त्यांनी दिवसभर धूळ खाल्ली, शिंकून शिंकून बेजार झाल्या, पण प्रसूतीची नोंदवही शोधूनच काढली. मग अर्ज देऊन आम्ही निवृत्त नर्सबाईंना साक्षीला बोलावले. बचाव पक्षाच्या वकिलांनी, नोंद मागाहून कशावरून लिहिली नाही, असे विचारताच बाई अहिराणी ठसक्यात म्हणाल्या, "मन्हंच अक्षर शे हाई. पुढलं-मागलं पान बी देखी ल्या." न्यायाधीशांनी खरोखरच पाने उलटून पाहिली; मागच्या-पुढच्या नोंदी तारखांच्या क्रमानेच होत्या. घटनेच्या वेळी मुलगी सोळाची होती. आरोपीला शिक्षा झाली.

साक्षीच्या दिवशी ताई साक्षीला आलेल्या मुलींना पोहे खाऊ घालत. पोट बिघडायला नको म्हणून मिसळ फक्त निकालानंतर. या निकालाच्या दिवशी मिसळ खाता खाता मुलीने खुणेनेच नोंदीची प्रत वाचायला मागितली. "ओरडली का नाहीस?" असे तिला भर साक्षीत पुन्हा पुन्हा विचारले गेले होते, आणि तेव्हापासून ती बोलायचीच बंद झाली होती. नोंदीच्या शेवटी नर्सबाईंनी लिहिले होते, ‘बाळ जन्मताच मोठ्याने रडले.’ ते तिने मोठ्याने वाचले, आईकडे पाहिले आणि हसली. मला आजही तो आनंद शब्दांत धरता येत नाही.

निवृत्तीनंतरही ताई घरी बसलेल्या नाहीत. दर शनिवारी नव्या महिला शिपायांना जबाब कसा लिहावा हे शिकवतात आणि आळस दिसला की फैलावर घेतात. ताई, आमच्या चुका काही संपणाऱ्या नाहीत, तेव्हा गुडघ्यांना तेल लावत जा, बीपीची गोळी चुकवू नका आणि आम्हाला रागवायला शंभरी गाठा.

तुमच्या साठीच्या समारंभात साठ जणी तुम्हाला ओवाळणार आहेत. त्यांत नामपूरकडची तीही असेल. तिनेच फोन करून विचारले, "मी आले तर चालेल ना?" ती कितवी, हे कोणालाही कळणार नाही.