मोशीच्या दुकानातली पथारी

त्या मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ऑफिसच्या कॅम्पसाठी मला कॅनव्हासची पथारी हवी होती. आत गादी, वर चेनचं झाकण, म्हणजे तंबूची गरज नाही. मोशीच्या ताडपत्रीच्या दुकानात दोनच उरल्या होत्या आणि विकलेला माल ते परत घेत नसत.

"मॅडम, झोपून बघा की," दुकानदार म्हणाला. समोरच गच्च भरलेला बसस्टॉप होता. मी नुसती लेबलं वाचत राहिले.

शेजारी ताडपत्री चाचपणाऱ्या नऊवारीतल्या मावशींना राहवेना. "लाजतीस व्हय? थांब, मी बघते." चपला काढून त्या आत शिरल्या. पहिलीतून आवाज आला, "पाय दुमडंना. दुसरी दे." दुसरीची चेन त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली आणि गप्पच झाल्या.

"मावशी, बऱ्या आहात ना?" मी घाबरून विचारलं.

"गप गं. घरात धा माणसं हायत. इथं कुणी हाक मारंना, तर तू मारतीस!"

दुकानदार हसू दाबत म्हणाला, "मावशी, तुमच्यासकट पॅक करू?"

"कर की, मीच घेते!"

"ती माझी आहे!" मी ओरडले. अख्खा बसस्टॉप वळला.

चेन खाली आली. मावशी कडेला सरकल्या. "मग ये की. तुझं माप तूच बघ."

मी बूट काढले.