मिशांचा व्हिलन

बाभळीच्या डिंकाचा वास आला की मला आमच्या अनसिंग गावातली त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची उन्हाळ्याची एक दुपार आठवते. शाळेच्या रिकाम्या व्हरांड्यात आम्ही चौघं मित्र जुन्या लग्नपत्रिका कापून, त्याच डिंकानं चिकटवून स्वतःच केलेल्या पत्त्यांचा खेळ खेळत होतो. त्यातला एक हिरो पाठीला सूप बांधून उडायचा, एक व्हिलन गावभरच्या भाकरी गिळायचा. त्या दिवशी एकानं नवा व्हिलन काढून आणला; झुपकेदार मिशांचा, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खं घर चिडीचूप व्हायचं. आम्ही पोट धरून हसलो, मग त्या मिशा कुणाच्या ते ध्यानात आलं आणि हसू थांबलं. त्याचे वडील पिऊन आले की घरात काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. डाव माझा होता आणि माझ्या हातात सगळ्यात जोरकस हिरो होता. "हाण त्याले!" दुसरा ओरडला. पण ज्यानं तो व्हिलन काढला होता, तोच हळूच म्हणाला, "मारू नको रे. नुसतं झोपव त्याले." मी व्हिलनचा पत्ता उपडा ठेवला आणि म्हटलं, "निजला. आता सकाळपर्यंत उठत नाही तो." तसा तो मित्र खुदकन हसला. पुढं वडिलांचं म्हातारपण त्यानंच निभावलं असं कळलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही.