केसरीनाथांच्या कादंबरीचं नाव

केसरीनाथांनी कादंबरी लिहिली यापेक्षा तिचं नाव त्यांना तोंडाने सांगता येईना, याचीच आमच्याकडे जास्त चर्चा झाली. खाडीकाठची त्यांची जमीन गोदामवाल्यांकडे गेली, हात रिकामे झाले आणि ते भिवंडीत मी चालवतो त्या वाचनालयात येऊन बसू लागले. बघता बघता त्यांनी जुन्या कादंबऱ्यांचं कपाट फस्त केलं. त्यातल्या निम्म्या कादंबऱ्यांना बायकांचीच नावं. पुढे चांदणं, सावली, पाऊलवाट अशा नावांची लाट आली. २००५ च्या सुमारास तीही ओसरली होती. आता एकच शब्द, तोही गावाकडचा, आणि अर्थ हवा असेल तर मागच्या पानावरचा मजकूर वाचा.

केसरीनाथांनी लिहिली ती जुन्या कपाटाच्या वळणाची. खारट जमिनीत भात पिकवणाऱ्या बाईची गोष्ट. ती बाई म्हणजे त्यांची बायको, हे सांगायला ज्योतिषी नको होता. "नाव काय ठेवलंत?" मी विचारलं. त्यांनी पहिल्या पानावर नुसतं बोट ठेवलं. 'हौसा'. त्यांच्या घरी नवराही बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे जन्मभर 'देवेशची आय'.

पुण्याच्या प्रकाशकाला कादंबरी आवडली, नाव आवडलं नाही. "बाईचं नाव आता कोण ठेवतं? 'उघाडी' ठेवा," तो फोनवर म्हणाला. उघाडी म्हणजे बांधातून खाडीचं पाणी आतबाहेर सोडायची झडप. ती कादंबरीत एकदाच येते, पण शब्द मातीतला पडला ना. मला त्या माणसाचा रागच आला. पुस्तकावर तिचं नाव लागलंच पाहिजे, म्हणून केसरीनाथही हट्टाला पेटले. पण भांडायचे ते 'ते नाव', 'मी दिलेलं नाव' असं म्हणत. पुढचं मला बोलावं लागायचं.

शेवटचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या ओटीवर होतो. फोनचा स्पीकर चालू होता. प्रकाशक वैतागून म्हणाला, "अहो, तुमच्याच तोंडून नाव येत नाही. दुकानात लोक काय मागणार?"

केसरीनाथांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "हौसा." आवाज चढला. "हौसा. हौसाच."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. हौसाबाई दारात आल्या, हाताला बोंबलांचं पाणी तसंच.

"मना हाक मारली तुमी?"

पुस्तकाचं चाललंय, असं ते सांगू शकले असते. "हां," ते म्हणाले. "बस जरा."

त्या ओटीच्या कडेला बसल्या. चेहऱ्यावरचा आनंद त्यांना लपवता येईना. प्रकाशक अजून बोलतच होता.

"ठेवा तुमची उघाडी," केसरीनाथांनी त्याला सांगितलं आणि फोन ठेवला.

पुस्तक आमच्या कपाटात 'उघाडी' म्हणूनच आहे, फारसं कोणी नेत नाही. त्यांच्या घरावरून जाताना मात्र 'हौसा' अशी हाक ऐकू येते, आतून 'ओ' येते. बहुतेक वेळा केसरीनाथांचं काही काम नसतं.