एकतीस क्रमांकाचा रकाना

शुक्रवार पेठेतले गुरुशांत मेंगाणे सर निवृत्तीनंतर मोटारशर्यतीच्या कामात पडले, याचे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना फार हसू येई. सरांना स्वतःला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हते. पण शेजारच्या अजिंक्यने आपल्या हौशी मंडळाचे कागद त्यांना एकदा दाखवले. एकाच शर्यतीत बारा क्रमांकाच्या तीन गाड्या धावल्याचे वाचून सरांच्या कपाळावर जी आठी पडली, ती मंडळाची वही स्वतःकडे घेतल्यावरच गेली.

शर्यत साधीच होती. दर फेब्रुवारीत शहराबाहेरच्या पडीक माळावर चुन्याने वाट आखायची आणि जुन्या मारुती गाड्या एकेक करून घड्याळ लावून पळवायच्या. सरांनी तिला शिस्त लावली. क्रमांक आदल्या रविवारच्या सभेत स्वतः येऊन घ्यायचा आणि तोच का हवा, हे चारचौघांत सांगायचे. वहीत 'कारण' असा एक रकानाच त्यांनी आखला. लागोपाठ दोन वर्षे जो येणार नाही, त्याचा क्रमांक खुला होईल, हा नियमही त्यांचाच.

पुढे लोक त्या रकान्यासाठीच सभेला येऊ लागले. दातांची डॉक्टर ऋतुजा हिने सात घेतला, कारण वाहन परवाना तिला सातव्या खेपेस मिळाला होता. सुंदरम्माच्या मुलाने आईच्या यंत्रमागाचा क्रमांक अठरा घेतला. भीमाने चौदा मागितला तेव्हा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच टाळ्या पडल्या. सरांनी तरीही 'चौदा एप्रिल' हे त्याच्याकडून वदवून घेतले आणि मगच लिहिले.

पहिल्याच सभेत वैरागचा गॅरेजवाला हरिबा काशीद उभा राहिला. दांडगा, दाढीवाला गडी.

"एकतीस द्या, सर."

"कारण?"

हरिबाने मान खाली घातली. "तुमीच लिवा की, सर. तुमाला म्हाईत हाय."

सभा हसली. सरांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी रकान्यात 'कारण दिले नाही' असे लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्यानंतर नऊ वर्षे हरिबाची निळी गाडी एकतीस क्रमांक घेऊन धावली. मग दोन वर्षे तो आला नाही. तिसऱ्या वर्षी ऐन सभेत त्याचा फोन आला.

"सर, आई अंथरुणाला खिळली हाय. सबेला याया जमंना. शर्यतीला मात्र येतो. माजा नंबर तेवडा ठिवा."

"काशीद, नियम तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षे उलटली. तुम्ही समक्षही नाही. आणि तुमच्या नावापुढे कारणही नाही. सेहेचाळीस मोकळा आहे."

पलीकडून "बरं, सर," एवढेच ऐकू आले.

त्याच सभेत अकलूजच्या पृथ्वीराजने वाढदिवसाची तारीख सांगून एकतीस मागितला. कारण स्वच्छ होते. सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.

शर्यतीच्या सकाळी हरिबा माळावर आला. पृथ्वीराजच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर रंगवलेला एकतीस त्याने पाहिला, सरांना दुरूनच नमस्कार केला आणि निळी गाडी वळवून तो निघून गेला.

"गेला की हो सर तो," अजिंक्य म्हणाला. "वैरागला तुमच्याच हाताखाली शिकलाय म्हणे. तुम्ही ओळखत नाही होय त्याला?"

सरांना ओळख पटेना. बत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या आपल्या वर्गांच्या हजेरीची नक्कल मात्र त्यांनी खासगी वह्यांत जपून ठेवली होती. घरी येऊन त्यांनी वैरागच्या वह्या काढल्या. आठवी ब. अनुक्रमांक एकतीस, हरिश्चंद्र काशीद. पुढे सलग गैरहजेरी, त्यावर तांबडी रेघ आणि त्यांच्याच अक्षरात शेरा : 'पटावरून नाव कमी केले.'

सरांनी ते पान उघडेच ठेवून पृथ्वीराजला फोन लावला.

"अहो सर, घ्या की परत," तो म्हणाला. "मला कुठलाही चालतोय. आधी सांगायचं नाही का!"

दुसऱ्या दिवशी सर एसटीने वैरागला गेले. गॅरेजच्या मागेच हरिबाचे घर होते. दारातल्या खाटेवर त्याची आई सोजरबाई पडून होती.

"ह्येच का रं तुजं एकतिसाचं मास्तर?" तिने लेकाला विचारले. "लई वाळल्यात की!"

"आये, गप," हरिबा म्हणाला आणि त्याने खुर्ची पुसून पुढे केली.

"हरिबा," सर म्हणाले. त्याला अरे-तुरे करायला त्यांनी फार उशीर केला होता. "तू त्या दिवशीच का सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं, सर? उसाच्या तोडीला गेल्तो आईसंगं. परत आलो तर तुमी तिसावरनं एकदम बत्तीस म्हणालात. मी दारात हुबा हुतो. तुमच्या शर्यतीच्या वहीत नंबर गावला तवा वाटलं, चला, बसलो वर्गात."

सरांनी चष्मा काढला. "क्रमांक मोकळा करून आणलाय. पुढच्या वर्षी ये."

हरिबाने मागच्या पत्र्याच्या छपराकडे बोट केले. तिथे निळ्या गाडीचा सांगाडा होता. दारे काढून भिंतीला टेकवली होती, इंजिन खाली उतरवले होते.

"काल आल्याआल्या खोलली. आता न्हाय व्हायचं, सर. चा घेनार न्हवं?"

सरांनी चहा घेतला.

पुढच्या सभेत दोन वर्षांचा नियम रद्द करावा, असा ठराव सरांनी मांडला. तो चर्चेविनाच मंजूर झाला. "तुम्हालाच हवा होता तो नियम," अजिंक्य हसत म्हणाला. "आमचं काय म्हणणं होतं?" सरांनी वही हरिबाच्या पानावर उघडली. 'कारण दिले नाही' या शब्दांवर त्यांनी रेघ मारली होती आणि शेजारी लिहिले होते : 'आठवी ब मधील अनुक्रमांक.'

मग ते क्रमांक पुकारू लागले. तिसाला 'हजर' आले. "एकतीस," सर म्हणाले आणि दाराकडे पाहत थांबले. लोक कुजबुजू लागले, कुणी खाकरले. बत्तीसवाला अर्धवट उठून उभा होता. सरांनी त्याला हाताने बसायला सांगितले.