अक्काचीही तपासणी झाली

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा लातूरच्या माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मला स्वतःची एक दिली. तेव्हापासून तिचा नांदेडला रोज फोन येतो. "माझी किडनी कशी हाय?" हे आधी, माझी चौकशी मग.

शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून मला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. गेल्या उन्हाळ्यात आंघोळ करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. या गोळ्यांनी कॅन्सर होतो, असं कुठेतरी ऐकलेलं. गोळी हातात धरूनच अक्काला फोन केला. "बंद करू का गं ह्या?"

"खबरदार! गीळ आधी. उद्या येतेच मी."

दुसऱ्या दिवशी शेंगाची चटणी घेऊन ती दारात हजर. तशीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी अजिबात चुकवायची नाही. तिच्याने काही कॅन्सरचा धोका वाढतो, कातडीच्या वगैरे. स्तनाच्या कॅन्सरचा वाढतो असं दिसलेलं नाही. पण इतर बायकांना असतो तेवढा तुम्हालाही आहेच, म्हणून गाठ तपासायची."

मॅमोग्राफी झाली, सुईने गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंत अक्का माझ्या स्वयंपाकघरातले डबे घासत होती.

"साधी गाठ आहे," बाई हसून म्हणाल्या. "यातल्या एका गोळीने कधीकधी अशी येते. गोळी बदलायची का, ते किडनीच्या डॉक्टरांना विचारू." मग अक्काकडे वळल्या. "तुम्ही केलीय का मॅमोग्राफी?"

"मला काय धाड भरलीय?"

"अक्का, चल," मी तिला उठवलंच.

आत तिला गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करायला ती तयार होईना. शेवटी त्याची चांदीची डबी मुठीत धरून उभी राहिली. बाहेर आली ती कुरकुरतच. "लई दाबतेत बाई! भाकर थापल्यावानी." तिचंही सगळं ठीक निघालं.

परवा ती धाकट्या जावेला आणि शेजारणीला लातूरच्या दवाखान्यात मॅमोग्राफीला घेऊन गेली. दोघी घाबरलेल्या. अक्का फोनवर ऐटीत सांगत होती, "मी म्हणलं, काय होत न्हाई, दम धरून उभं राहा." दोघींना काही निघालं नाही. येताना तिघींनी भेळ खाल्ली म्हणे.