तपासलं होतं का त्यांना?

जानेवारीतला रविवार होता. बेंगळूरमध्ये ते अवरेकाळूचे दिवस. आम्ही बेळगावची माणसं त्यांना पावटेच म्हणणार, पण लग्न होऊन या शहरात आले त्याच वर्षी मला ताकीद मिळाली होती की या घरात त्यांना पावटे म्हणायचं नाही. हे सकाळीच स्कूटर काढून सर्जापूर रोडकडच्या खेड्यांत गेले आणि दोन पिशव्या भरून शेंगा घेऊन आले. व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून सोलायला बसले. मी आत खोबरं खवत होते. "सुमन, स्वल्प पाणी आण गं," असा आवाज आला. अगदी नेहमीचा आवाज. मी तांब्या घेऊन बाहेर गेले तर हे भिंतीला टेकलेले, मान एका बाजूला, मांडीवर सोललेले दाणे... मी हाक मारली. पुन्हा मारली. आमच्या डॉक्टर नागरत्नम्मा चार घरं सोडून राहतात, त्या अनवाणीच धावत आल्या. त्यांनी करायचं ते सगळं केलं. शेजाऱ्यांनी गाडीसुद्धा दारात आणून उभी केली होती. पण डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. बावन्न वर्षांचे होते हे.

पुढचे तेरा दिवस घरात माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण कन्नडमध्ये, मराठीत, इंग्रजीत एकच विचारायचा, तपासलं होतं का त्यांना? चेकअप करत नव्हते का? विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. धडधाकट माणूस असा बसल्या जागी गेला की प्रत्येकाला कारण हवं असतं. कारण मिळालं की आपल्यावर तशी वेळ येणार नाही असं वाटतं. मी "बीपी बघत होते की नेहमी" एवढंच म्हणायची. पण चौथ्या दिवशी रेखानं विचारलं. रेखा आमची एकुलती एक मुलगी, चेन्नईला कंप्यूटरच्या कंपनीत असते. निरोप मिळताच मिळेल त्या गाडीनं निघून के. आर. पुरमला उतरली आणि तिथून रिक्षानं घरी आली. "आई, तुझ्या वेळी अप्पांनी तुला ओढत नेऊन टेस्ट करायला लावल्या, म्हणून तू वाचलीस," ती म्हणाली. "मग तू त्यांना का नाही नेलंस?"

मी उठून चहा टाकायला आत गेले. कारण उत्तर द्यायचं तर एक गोष्ट उघड करावी लागणार होती, जी ह्यांनी आणि मी सहा वर्षं तिच्यापासून लपवून ठेवली होती. आता दीड महिना उलटून गेलाय. ती गोष्ट मी तिला सांगितली आहे, आणि तिच्या संमतीनंच इथं लिहिते आहे.

ह्यांचं नाव व्यंकोजीराव. सगळे व्यंकूअण्णाच म्हणत. ह्यांचं घराणं कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात बोलायचे ते मराठी, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं, की लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सासूबाई काय म्हणाल्या हे मला हेच हळूच समजावून सांगायचे. बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात हे तयार मालाची तपासणी करायचे. यंत्रावरून आलेला प्रत्येक तुकडा मापून बघायचा, बरोबर असला तर पुढं, नाही तर बाजूला. पंचवीस वर्षं तेच काम. त्यामुळे तपासण्यावर ह्यांची श्रद्धाच होती म्हणा ना. घरी दूध आलं तरी बोट बुडवून बघायचे. रेखाच्या शाळेच्या दप्तराची शिवण ओढून बघायचे. मी चिडले की म्हणायचे, "बघून ठेवलेलं बरं असतं सुमन. मग मन निवांत राहतं."

ब्याण्णव साली आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. त्या सुमाराला शहरात एक नवीन तपासणी केंद्र निघालं होतं. चाळिशी ओलांडलेल्या नवरा-बायकोसाठी एकत्र तपासणी, सगळं एकाच छपराखाली. ह्यांनी त्याची जाहिरात कापून खिशात ठेवली होती. मला वाटलं होतं साडी आणतील. त्याऐवजी हे म्हणाले, "दोघं मिळून तपासून घेऊ. रेखाचं शिक्षण व्हायचंय, लग्न व्हायचंय. आपण नीट राहायला हवं."

"मला काय धाड भरली आहे?" मी म्हणाले.

"काही झालेलं नाही तेव्हाच जायचं असतं, वेडे!"

मी इलकल नेसून गेले, हे इस्त्रीचा शर्ट घालून. दोघंही उपाशी. तिथली पांढरीशुभ्र फरशी, नाव घेऊन बोलावणाऱ्या मुली, प्रत्येकाच्या हातात आपापली फाइल... ह्यांना ते सगळं फार आवडलं. ईसीजी झाला, रक्त झालं, मग पोटाची सोनोग्राफी. हे बाहेर आले ते हसतच. मला मात्र आत बराच वेळ लागला. तिथली बाई एकाच जागी पुन्हापुन्हा यंत्र फिरवत राहिली.

ह्यांच्या फाइलवर सगळीकडे नॉर्मल लिहून आलं. माझ्या डाव्या बाजूच्या बीजकोशावर गाठ दिसली. ज्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं ते म्हणाले, बहुतेक साधी असेल, पण उघडून बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. आम्ही घरी न जाता आधी नागरत्नम्मांकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला. मला विचारलं, दुखतं का, पाळी नीट येते का, वजन उतरलं का, घरात कुणाला असा आजार होता का. सगळ्याला मी नाहीच म्हणाले. "तुमच्या वयात अशा गाठी येतात आणि आपसूक जातातही," त्या म्हणाल्या. "दोन-तीन महिने थांबा. पुन्हा बघू. तेव्हाही असली, वाढली असली, तर ऑपरेशनचा विचार करू." मला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं. पण मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यानं एकही शंकास्पद तुकडा टेबलावर तसाच राहू दिला नाही त्या माणसाला मी तीन महिने थांबायला सांगणार होते! आठ दिवसांत हे जेवेनासे झाले. मी भाजी चिरत असले तरी दारात उभं राहून नुसते बघत राहायचे. शेवटी मीच म्हणाले, होऊन जाऊ दे ऑपरेशन.

गाठ साधी निघाली. नुसतं पाणी होतं आत. हे वॉर्डात धावत आले आणि सगळ्यांसमोर माझा हात धरून रडले. दोन दिवस आमच्याइतकं सुखी कुणी नव्हतं. मग टाक्यांत पू झाला. तो बरा होऊन घरी आले, आणि महिन्याभरात एक दिवस पोट फुगलं, उलट्या थांबेनात. ऑपरेशनच्या जागी आतडं चिकटून पीळ बसला होता. पुन्हा पोट उघडलं. त्या वेळी मी जाते की राहते असं झालं होतं, हे मला नंतर कळलं. दोन्ही मिळून अडीच महिने मी अंथरुणावर होते. रेखा तेव्हा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होती. तिला बेळगावला माझ्या बहिणीकडे ठेवलं. कारखान्यात सगळी रजा घालवून हे माझ्याजवळ राहिले. भाताची गंजी करून चमच्याचमच्यानं भरवायचे. माझे केस विंचरायला शिकले. पहिली वेणी इतकी वाकडी घातली, की पलीकडच्या खाटेवरची अम्मा टाके दुखेपर्यंत हसली.

मी हिंडू-फिरू लागल्यावर एका दुपारी बघितलं तर हे आपली फाइल मांडीवर घेऊन बसलेले. "माझं सगळं नॉर्मल," हे म्हणाले. "तुझंसुद्धा नॉर्मलच होतं, सुमन. मीच तुला..." मी म्हणाले, "तुम्ही मला मारायला नेलं होतं का? जपायला नेलं होतं." ह्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "कारखान्यात आम्ही मापायचं गेजच तपासतो आधी. गेज जास्तच नाजूक असलं तर चांगला माल भंगारात जातो. हे मला ठाऊक होतं. तरी घरात विसरलो." आणि मग, "रेखाला सांगू नकोस. तिला वाटेल, अप्पांनी आईला..." मी शब्द दिला. रेखा परत आली तेव्हा आम्ही तिला सांगितलं, आईच्या पोटात गाठ होती, वेळेवर सापडली, काढली. तिला वाटलं अप्पांच्या हट्टानं आई वाचली. तिनं अप्पांच्या गळ्यात हात टाकले. त्या वेळचा ह्यांचा चेहरा फक्त मी बघितला.

त्यानंतर हे दवाखान्याचं नावच काढू देईनात. कुठलीच तपासणी नको म्हणू लागले. ते मात्र मला मान्य नव्हतं. मी एकटीच नागरत्नम्मांकडे गेले आणि सरळ विचारलं, आमच्या वयाच्या, काही न दुखणाऱ्या माणसानं काय तपासावं आणि काय नको? त्या म्हणाल्या, "जे सापडलं तर आपल्याला काही करता येईल आणि शोधताना माणसाला इजा होणार नाही, तेवढं शोधायचं. दोघांचं बीपी. व्यंकूअण्णांच्या वडलांना साखर होती, म्हणून त्यांची साखर. तुमची खालची, गर्भपिशवीच्या तोंडाची एक साधी तपासणी आहे, ती मी इथंच करते. आणि त्यांच्या खिशात सिगारेटचं पाकीट आहे ना, त्यासाठी कुठलंच मशीन नको."

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, "सरी, बरं. तेवढं करू." सिगारेट तीनदा सोडली, तीनदा धरली, चौथ्यांदा कायमची सोडली. दुसऱ्याच वर्षी ह्यांचं बीपी वाढलेलं निघालं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीही नव्हतं. नागरत्नम्मांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं आणि मगच गोळी दिली. हे मला म्हणाले, "बघ, तीनदा मोजलं. अशी बाई आमच्या खात्यात हवी होती." ती गोळी ह्यांनी एक दिवस चुकवली नाही.

लोक ह्यांना विचारायला यायचे. आमच्या आजारपणाची हकीकत कारखान्यात थोडीफार ठाऊक झाली होती. त्यांच्याच खात्यातले रामय्या एकदा आले, "अण्णा, सगळे पूर्ण तपासणी करून घेतायत, मीपण करू का?" ह्यांनी आधी विचारलं, काही होतंय का? रामय्या म्हणाले, विशेष नाही, जेवण जात नाही, पँट सैल झालीय. हे ताडकन उठले. "मग तुमचा प्रश्न वेगळा आहे! ज्याला काही होतंय त्यानं थांबायचं नाही." त्याच दिवशी स्वतः स्कूटरवर बसवून नागरत्नम्मांकडे घेऊन गेले. रामय्यांना क्षय निघाला, औषधांनी बरे झाले. तेराव्याला पंगतीत वाढायला तेच उभे होते.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात रेखाला सांगितलं. ती पुन्हा आली होती, बॅगेत माझ्यासाठी एका मोठ्या तपासणीचा कागद घेऊन. तारीखही ठरवून आली होती. मी तिच्यासमोर बसून पहिल्यापासून सांगत गेले. सांगताना वाटत होतं, शब्द मोडते आहे. पण हे गेल्यावर ती त्यांना अर्धवटच ओळखत राहावी, हेही मला बघवेना. ती म्हणाली, "म्हणून मी गळ्यात पडले तेव्हा ते गप्पच झाले..." आणि रडायला लागली. हे गेल्यानंतर प्रथमच मोकळी रडली.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून नागरत्नम्मांकडे गेली. हृदयाच्या जास्त टेस्ट केल्या असत्या तर अप्पा वाचले असते का, असं तिनं विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित सापडलं असतं. कदाचित सगळं चांगलं आलं असतं आणि तरीही ते असेच गेले असते. त्या गोळीनं त्यांना किती दिवस जास्त दिले हेही मला सांगता येत नाही. ठाऊक असतं तर सांगितलं असतं, रेखा." रेखा घरी येऊन म्हणाली, त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण मग विश्वास बसला नसता. तपासणीचा कागद तिनं बॅगेतच ठेवला. फाडला नाही. मीही फाड म्हणाले नाही.

परवा मी एकटी बीपी बघायला गेले. आम्ही नेहमी बरोबर जायचो. आधी माझं बघायचं, असा ह्यांचा नियम. हे बाहेरच्या बाकावर थांबायचे आणि मी पडदा सारून बाहेर आले की उठायच्या आधीच विचारायचे, "किती आलं?" मी आकडा सांगितला की स्वतःशी एकदा म्हणायचे आणि मगच आत जायचे. परवा मी बाहेर आले. बाकावर दोन बायका बोलत बसल्या होत्या. मी चप्पल घातली आणि सावकाश घरी आले. कुलूप काढते आहे तोच आत फोन वाजायला लागला. चेन्नईहून रेखा होती. मी त्या दिवशी जाणार हे तिला ठाऊक होतं. जेवलीस का नाही, काय करतेस नाही, काहीच न विचारता तिनं पहिलंच विचारलं, "आई, किती आलं?"

मी आकडा सांगितला. तिकडून तिनं तो हळूच एकदा स्वतःशी म्हटला.