पुरेबाईचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे मावशी म्हणत. उभा जन्म कार्टूनना आवाज देण्यात गेला, पण पडद्यावर तिचं नाव कुणी वाचलं असेल तर शपथ. मांजर म्हणा, रडणारं बाळ म्हणा, जीव घेऊन पळणारी गर्दी म्हणा, सगळं मावशीच्याच गळ्यातून. आणि घरी गेल्यावर आणखी एक आवाज लावायचा असे, तो सगळ्यांत अवघड. आनंदी मुलीचा.

घरी आई होती. नजर गेलेली, पाय गेलेले, कान मात्र असे तिखट की तांब्यात पाणी किती उरलंय ते ओतताना सांगेल. अंथरुणाला खिळली त्याच दिवशी तिने बजावून ठेवलं होतं, "तुला जड झाले की मी थोरल्याकडे जाईन. तू सांगू नकोस, तुझ्या आवाजावरून मला कळेल." आता थोरल्याकडे, म्हणजे मावशीच्या भावाकडे, जाणं म्हणजे काय, ते दोघींनाही पक्कं ठाऊक. मागच्या खेपेला तिथे आईने पाण्यासाठी हाका मारून घसा कोरडा करून घेतला होता आणि पाठीला जखमा घेऊन परत आली होती. थोरल्याला दोष तरी किती द्यायचा, पण द्यायलाच हवा. तेव्हापासून मावशीने ठरवलं, मेले तरी थकले म्हणायचं नाही. दाराबाहेर उभी राहून घसा खाकरायची, गाल फुगवून सोडायची आणि मग 'आई, आले गं' म्हणत आत शिरायची. चादर बदलणं, कूस वळवणं, भरवणं, सगळं त्याच खिदळत्या आवाजात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने रोज उत्साहाचं सोंग आणून बघावं.

मग झंझावाताच्या कार्टूनमध्ये नवी खलनायिका आली, पुरेबाई. झंझावात हा पोरांचा लाडका वीर. या भागात तो कोसळता पूल खांद्यावर तोलून उभा असतो आणि लोक वरून पळत असतात. पुरेबाई त्याला मारत नाही, झोडत नाही. शेजारी येऊन बसते आणि बोलते, बस्स. तिचं बोलणं ऐकलं की भल्याभल्यांच्या अंगातलं बळ गळून जातं.

मावशीने आधी ठेवणीतला कर्कश आवाज लावला. दिग्दर्शक तिच्या भाच्याच्या वयाचा पोरगा, काचेपलीकडून म्हणाला, "मावशी, खोटं वाटतंय. पुन्हा." मग तिने घोगरा लावून पाहिला, मग फुसफुसता. पुन्हा तेच, खोटं वाटतंय. दुपार कलली. आदल्या रात्री आईची पाठ ठणकत होती म्हणून डोळ्याला डोळा लागला नव्हता. मावशीने स्टूल ओढलं, मटकन बसली, आणि आवाज लावायचं विसरून नुसतंच वाचलं.

"पुरे रे बाळा. किती धरून ठेवशील? कुणी बघत नाहीये. ठेव खाली."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून म्हणाला, आता मलाही घरी जाऊन झोपावंसं वाटायला लागलं. दिग्दर्शकाला आनंद मावेना. मावशीला मात्र ते पुसून टाकावंसं वाटलं, कारण हा तिचा स्वतःचा आवाज होता आणि तो आता घरोघरी जाणार होता.

तसंच झालं. झंझावात शेवटी जिंकला म्हणे, पण पोरांच्या तोंडी राहिली पुरेबाई. मावशीने आईला टीव्ही बिघडल्याचं सांगून टाकलं. पण दिवसा आईजवळ बसणारी शेजारीण! मनाने सोनं, पण उत्साह उतू जाणारा. संध्याकाळी मावशी घसा खाकरून आत शिरते तोच ती कौतुकाने सांगू लागली, की आजींना तुमचं काम मोबाइलवर ऐकवलं, त्यांनी पुन्हा लावायला लावलं. एवढं सांगून ती आपल्या घरी गेली.

आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरून घेतले होते, चेहरा हसरा.

"बरं झालं आलीस. अगं, मला थोरल्याची फार आठवण येतेय बघ. तिकडे मोकळी हवा, जिवाभावाची माणसं. उद्याच फोन कर त्याला. मजा येईल मला."

आवाज कसा खणखणीत, हसता. मावशी ऐकत राहिली. हा आवाज ती रोज दाराबाहेर उभी राहून लावायची. खाण तशी माती, दुसरं काय. तिने पिशवी खाली ठेवली आणि आईच्या पायाशी बसली. या वेळी घसा खाकरला नाही.

"आई, खोटं वाटतंय," ती म्हणाली. "पुन्हा."

आईचं हसू मावळलं. तिचा हात चाचपडत मावशीच्या गुडघ्यावर आला.

"नको गं पाठवूस मला तिकडे."

"नाही पाठवत. पण मी थकलेय, आई. खूप थकलेय."

"ऐकलं मी ते," आई म्हणाली. "पुरे आता. ये, पड जरा."

आणि दोन्ही हातांवर जोर देऊन ती भिंतीकडे जमेल तेवढी सरकली.